क्षणांत घडणारें संगीत

अहिल्यानगर शहरांतून मनमाडकडे जाणारा मोठा रस्ता शहर सोडतांच नागापुरांतून उत्तरेची वाट धरतो. कारखान्यांच्या वसाहतीमुळें नागापूर हें नांव आज दूरवर ठाऊक झालें आहे. त्याच रस्त्यानें राहुरी व कोल्हार मागें टाकून पुढें गेलें आणि मुख्य मार्ग सोडून पूर्वेस वळलें, म्हणजे गोदावरीच्या कांठीं पुणतांबें लागतें. चांगदेवांच्या समाधीमुळें हें क्षेत्र भाविकांच्या परिचयाचें आहे. या गांवीं १२ जानेवारी १९१८ रोजीं रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. सी. रामचंद्र या नांवानें पुढें साऱ्या देशाला ज्यांची ओळख पटली ते हेच. विनायकबुवा पटवर्धन यांच्यापाशीं त्यांनीं हिंदुस्थानी गायकीचे धडे घेतले, चित्रपटांत लहानमोठीं कामें केलीं, पेटीची साथ केली आणि अखेर स्वतः चाली बांधूं लागले.

रागदारीच्या छायेंत वाढलेल्या या संगीतकाराच्या १९४७ सालच्या ‘शहनाई’पासून १९५१ सालच्या ‘अलबेला’पर्यंतच्या चित्रपटांत मात्र कांहीं निराळेच सूर ऐकूं आले. पितळी कर्ण्याची ललकारी, सॅक्सोफोनचें लडिवाळ वळण आणि पाय आपोआप हलूं लागतील असा ठेका, हें सारें त्यांत होतें. या सुरांचें मूळ मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ वसलेल्या न्यू ऑर्लीन्स शहरांत होतें, आणि ते मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत आणून पोंचविणारे वादक बहुतांशीं गोमंतकांतील होते. ज्या संगीतप्रकारांतून ते आले त्याला जाझ म्हणतात. त्याचा प्राण एकाच गोष्टींत आहे: वाजविणारा वाजवितां वाजवितां नवें रचीत असतो.

आपल्याकडे यास ‘उपज’ असा नेमका शब्द आहे. गवई चीज मांडतो आणि मग तीच चीज फुलवितांना पूर्वीं कधीं न घेतलेली तान घेऊन समेवर येतो; तेव्हां जाणत्या श्रोत्याच्या तोंडून आपोआप दाद निघते. जाझविषयीं मात्र सुशिक्षित घरांतूनहि दोन गैरसमज आढळतात. कोणी म्हणतात, तो मनाला येईल तसा घातलेला गोंधळ आहे. कोणी म्हणतात, ती एक दैवी देणगी असून तिच्याविषयीं कांहीं बोलतांच येणार नाहीं. वस्तुतः या कलेला कडक नियम आहेत, दीर्घ अभ्यास आहे आणि इतिहासहि आहे. त्या इतिहासांतील एक पान मुंबईंत लिहिलें गेलें.

प्रथम उगमाकडे पाहूं. आफ्रिकेंतून धरून नेलेल्या गुलामांना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत न्यू ऑर्लीन्समधील काँगो चौक नांवाच्या मोकळ्या जागेंत रविवारीं एकत्र जमून नाचण्यागाण्याची मुभा असे. १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. दारिद्र्य व अपमान मात्र उरले. त्या जीवनांतून आलेलीं दुःखाचीं गाणीं, चर्चमधील सामुदायिक प्रार्थना, फौजी धर्तीच्या पितळी बँडांचीं कूच-गीतें आणि पियानोवरील खंडित लयीचे तुकडे यांच्या संगमांतून विसाव्या शतकाच्या आरंभीं जाझ आकारास आलें. १९१७ सालीं त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. न्यू ऑर्लीन्समध्येंच ४ ऑगस्ट १९०१ रोजीं जन्मलेला लुई आर्मस्ट्राँग हा गरीब मुलगा १९२२ सालीं आपल्या गुरूच्या, ‘किंग’ ऑलिव्हरच्या, बोलावण्यावरून शिकागोस गेला. पूर्वीं सर्व वादक मिळून एकदम उपज करीत. आर्मस्ट्राँगच्या तेजामुळें एकट्यानें पुढें येऊन आपलें मनोगत मांडण्याची रीत रूढ झाली. १९२५ ते १९२८ या काळांतील त्याच्या ध्वनिमुद्रिका आजहि या कलेचे आद्य ग्रंथ मानले जातात.

आतां ही उपज कशी घडते तें पाहावें. ख्यालगायकास दोन आधार असतात, राग आणि ताल. राग त्याला स्वरांची मर्यादा घालून देतो, ताल त्याला काळाची चौकट देतो. जाझ-वादकासहि चौकट असते. पण तिची घडण वेगळी आहे. त्याच्या पायाखालीं स्वरसंघात असतात, म्हणजे एकाच वेळीं वाजणारे तीन-चार स्वर. हे संघात ठराविक मात्रांनंतर बदलत जातात. सर्वांत साधा सांचा बारा खंडांचा असून प्रत्येक खंड चार मात्रांचा असतो. पहिले चार खंड षड्जाच्या संघातावर, पुढील दोन मध्यमाच्या, पुन्हां दोन षड्जाच्या, मग एक पंचमाचा, एक मध्यमाचा, आणि शेवटचे दोन पुन्हां षड्जाचे, अशी त्याची मांडणी सामान्यतः असते. अठ्ठेचाळीस मात्रांचें हें आवर्तन संपलें कीं पुन्हां पहिल्यापासून सुरू होतें. पियानो व मोठें खर्जाचें तंतुवाद्य हे संघात दाखवीत राहतात, ढोलवाला लय राखतो, आणि मधला वादक या चालत्या जमिनीवर आपली सुरावट उभी करतो. त्यांत कोमल गंधार व कोमल निषाद यांना तो असा कांहीं ओढून-वांकवून लावतो कीं मींडेची आठवण व्हावी.

दुसरा प्रचलित सांचा बत्तीस खंडांचा, म्हणजे एकशें अठ्ठावीस मात्रांचा असतो. मिनिटाला दोनशें मात्रांची द्रुत लय धरली, तर हें संपूर्ण आवर्तन अडतीस सेकंदांत संपतें. तेवढ्या वेळांत वीस-पंचवीस वेळां पायाखालचा संघात बदलतो. राग एकदां धरला कीं ती चीज संपेपर्यंत गवयाच्या सोबतीस राहतो. जाझ-वादकाला मात्र दर सेकंद-दोन सेकंदांनीं नवी जमीन मिळते, आणि कोणता स्वर आतां शोभेल व कोणता खुपेल याचा निर्णय विचार करण्यास सवड न मिळतां करावा लागतो. उलटपक्षीं, गवयाला श्रुतींचें जें सूक्ष्म काम करतां येतें आणि एका स्वराभोंवतीं जो दीर्घ आलाप उभारतां येतो, त्यास या द्रुत गतींत वाव नसतो. दोन्ही कलांची अडचण निराळी आहे. ती सोडविण्याची युक्ति मात्र एकच आहे. ती म्हणजे रियाज.

आर्मस्ट्राँगच्याच चरित्रांतील दोन गोष्टी या दृष्टीनें बोधप्रद आहेत. शिकागोंत गुरु आणि शिष्य दोन कर्णे घेऊन उभे राहत, आणि मध्येंच बाकीचीं वाद्यें थांबलीं कीं दोघे मिळून एक तुकडा असा वाजवीत कीं तो आयत्या वेळीं दोघांना एकदमच सुचला असें ऐकणारांस वाटे. वास्तविक ऑलिव्हर तो तुकडा कांहीं मात्रा अगोदर हळूच सूचित करी आणि तल्लख शिष्य त्यास जोड देई. दुसरी गोष्ट अशी कीं, आर्मस्ट्राँगची एक गाजलेली रचना १९२६ सालीं ध्वनिमुद्रित झाली, आणि ती ऐकणारास सारी तत्क्षणीं स्फुरलेली वाटते; परंतु तिचा पुष्कळसा भाग त्यानें १९२४ सालींच कागदावर लिहून सरकारदप्तरीं नोंदविलेला होता. स्फूर्ति क्षणाची असते हें खरें. पण त्या क्षणाची तयारी कधीं चार मात्रांची, कधीं दोन वर्षांची असते.

चार्ली पार्कर या सॅक्सोफोन-वादकाची कथा याहून कठोर आहे. कॅन्सस सिटींत १९३६ सालीं, सोळा वर्षांचा असतां, तो नामांकित वादकांच्या बैठकींत वाजवावयास उभा राहिला आणि मध्येंच वाट चुकला. ढोलवादक जो जोन्स यानें आपली झांज काढून त्याच्या पायांपाशीं फेकली आणि सभागृह हंसलें. मुलगा वाद्य उचलून बाहेर पडला. पुढच्या उन्हाळ्यांत तो डोंगराळ भागांतील एका मुक्कामीं कामास राहिला आणि त्यानें थोर वादकांच्या ध्वनिमुद्रिका झिजेपर्यंत ऐकून त्यांतील प्रत्येक तुकडा आपल्या वाद्यावर उतरविला. तीन-चार वर्षें आपण दिवसाला अकरा ते पंधरा तास रियाज करीत होतों, असें पुढें त्यानेंच एका मुलाखतींत सांगितलें. भास्करबुवा बखल्यांसारखा गवई तीन उस्तादांच्या सेवेंत राहून तीन वाटा आत्मसात करतो आणि मग आपली वाट काढतो. पार्करचा मार्ग त्याहून वेगळा नव्हता. प्रथम दुसऱ्याचें हुबेहूब घ्यावयाचें, मग त्याचे तुकडे मोडून जोडून पाहावयाचे, आणि अखेर ते इतके अंगीं मुरवावयाचे कीं वाजवितांना त्यांची आठवणहि करावी लागूं नये.

अर्वाचीन शास्त्रज्ञांनींहि या विषयांत लक्ष घातलें आहे. अमेरिकेंतील चार्ल्स लिंब व ॲलन ब्राउन या दोघांनीं सहा व्यावसायिक जाझ-पियानोवादकांना मेंदूचें चित्र टिपणाऱ्या चुंबकीय यंत्रांत निजवून लहानशा पट्टीवर वाजविण्यास लावलें आणि आपला निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध केला. पाठ केलेलें वाजवितांना आणि उपज करतांना मेंदूच्या कामांत स्पष्ट फरक दिसला. उपजेच्या वेळीं मेंदूच्या पुढील भागांतील, स्वतःवर पहारा ठेवून चुका हुडकणारा असा जो बाजूचा प्रदेश आहे, त्याचें काम मंदावलें होतें. आणि मधला, आपलें मनोगत प्रकट करण्याशीं ज्याचा संबंध मानतात, तो प्रदेश अधिक जागा झाला होता. सहाच माणसांवरील हा प्रयोग. त्यावरून फार मोठीं अनुमानें काढूं नयेत. तरीपण पहारेकऱ्यानें निश्चिंत व्हावें इतकी तयारी आधीं झालेली असेल तरच तो बाजूस सरतो, हें कोणाहि गवयास पटण्यासारखें आहे. न शिकलेल्या माणसाचा पहारेकरी बाजूस सरला, तर जें ऐकूं येतें त्याला संगीत म्हणत नाहींत.

अशी ही कला मुंबईंत आली ती ग्रामोफोनच्या तबकड्यांतून आणि बंदरावर उतरणाऱ्या वाद्यवृंदांतून. अपोलो बंदरावरील ताज महाल हॉटेल १९०३ सालीं उघडलें होतें. तेथील नाचाच्या दालनांत १९३५ सालच्या अखेरच्या सुमारास व्हायोलिनवादक लिऑन ॲबे याचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा वृंद येऊन दाखल झाला. त्याच्या मागोमाग कर्णावादक क्रिकेट स्मिथ आला. या स्मिथचा वृंद १९३६ सालीं मुंबईंतच ध्वनिमुद्रित झाला. त्यांत पियानोवर टेडी वेदरफर्ड होता. व्हर्जिनिया प्रांतांत १९०३ सालीं जन्मलेला हा वादक शिकागोंत नांव मिळवून १९२६ सालीं पूर्वेकडे निघाला, शांघायपासून मुंबईपर्यंत वाजवीत फिरला आणि पुन्हां स्वदेशीं स्थिरावला नाहीं. मायदेशीं रंगभेदामुळें ज्यांना अनेक दरवाजे बंद होते, अशा कलावंतांना पूर्वेकडील शहरांत चांगलें वेतन व मानमरातब मिळे. युद्धकाळांत वेदरफर्ड कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलांत वाजवीत असे. २५ एप्रिल १९४५ रोजीं पटकीच्या सांथींत तो तेथेंच वारला. त्याचें वय तेव्हां अवघें एकेचाळीस होतें.

या पाहुण्यांचें वादन नाचणाऱ्या धनिकांनीं ऐकलें, तसेंच शहरांत पोट भरण्यासाठीं आलेल्या गोमंतकीय वादकांनींहि ऐकलें. गोमंतकांत पोर्तुगीज अमलांत चर्चच्या अंगणांतील शाळांतून मुलांना स्वरवाचन शिकविण्याची जुनी परंपरा होती. पाश्चात्त्य स्वरलिपि डोळ्यांनीं वाचावी आणि ती गळ्यांतून उमटावी, याचा सराव झाल्यावर मगच मुलाच्या हातीं व्हायोलिन किंवा कर्णा येई. गांवीं पुरेसा रोजगार नसल्यामुळें हे तरुण मुंबईस येत, धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गांवच्या ‘कुडां’त पथारी टाकीत आणि संस्थानिकांचे बँड, मूकपटांची साथ, हॉटेलांतील नृत्य, जेथें मिळेल तेथें काम करीत. समोर ठेवलेला कागद प्रथमदर्शनीं बिनचूक वाजविणें हें त्यांचें बळ होतें.

परंतु जाझनें त्यांच्यापुढें उलटाच प्रश्न टाकला. आयुष्यभर कागद वाचावयास शिकलेल्या माणसाला सांगितलें गेलें कीं, या बत्तीस खंडांत कागद कोरा आहे, तुझें तूंच काय तें सांग. जातिवंत वाचक असणें ही येथें अडचण होऊं शके. कारण जी नजर ओळीवर खिळलेली असते, तिला ओळ नसतांना चालण्याचा धीर नसतो. ज्यांनीं ही अडचण ओलांडली त्यांत अल्दोना गांवचे आंतोनिओ झेवियर वाझ हे अग्रगण्य होत. त्यांचा जन्म १९१६ सालचा. चिक चॉकलेट या रंगमंचावरील नांवानें मुंबईनें त्यांना ओळखलें. आर्मस्ट्राँगची शैली त्यांनीं इतकी आपलीशी केली होती कीं त्यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणत. ताजच्या शेजारीं त्या काळीं असलेल्या ग्रीन्स हॉटेलांत त्यांचा वृंद वाजे. कुडचडें येथील फ्रँक फर्नांड यांना वेदरफर्डच्या हाताखालीं वाजविण्याची संधि मिळाली. कावसजी खटाव नांवाचे पारशी सॅक्सोफोन-वादक रूडी कॉटन या नांवानें प्रसिद्धीस आले. तर मिकी कोरिया यांच्या वृंदानें १९३९ पासून वीसएक वर्षें ताजचें नृत्यदालन गाजविलें.

रात्रीं हॉटेलांत वाजविणारे हेच वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत येत, आणि पुणतांब्याच्या चितळकरांची व अल्दोन्याच्या वाझ यांची गांठ येथेंच पडली. संगीत-दिग्दर्शक पेटीवर चाल सांगे. संयोजक ती पाश्चात्त्य लिपींत उतरून घेई, दोन कडव्यांमधले वाद्यांचे तुकडे रची आणि प्रत्येक वादकापुढें त्याचा कागद ठेवी. चिक चॉकलेट हे सी. रामचंद्र यांचे साहाय्यक झाले. ‘अलबेला’ चित्रपटांत तर त्यांचा वृंद पडद्यावरहि दिसतो. या दोघांच्या सहवासांतून काय निपजलें याचें एक सुरेख उदाहरण १९५७ सालच्या ‘आशा’ चित्रपटांत आहे. त्यांत किशोरकुमार यांनीं गायिलेलें एक गाणें निरर्थक अक्षरांच्या गंमतीवर उभें आहे. जाझमध्यें अशा अर्थहीन अक्षरांनीं गाण्याची प्रथा आर्मस्ट्राँगच्या १९२६ सालच्या एका ध्वनिमुद्रिकेनें लोकप्रिय केली होती. पण निरर्थक अक्षरांतून लय फुलविण्याचा हा मार्ग चितळकरांना परका नव्हता. आपल्याकडील तराणा म्हणजे दुसरें काय? आणि त्यांचे गुरु विनायकबुवा तर तराण्यासाठींच विशेष विख्यात होते. अमेरिकेहून आलेली वस्तु घरांत ठेवावयास जागा आधींच तयार होती, म्हणून ती परकी वाटली नाहीं.

येथवरची हकिगत संगमाची आहे. आतां तिची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम सव्वातीन मिनिटें मावत. तेवढ्यांत गायक, गायिका, कोरस आणि वाद्यें यांना आपापली जागा द्यावयाची. वादकाच्या वांट्यास दहा-पंधरा सेकंद येत. तेवढ्यांतहि, तालमीच्या वेळीं त्याला कांहीं सुंदर सुचलें व दिग्दर्शकास आवडलें, तर तें तत्काळ कागदावर उतरविलें जाई आणि पुढच्या प्रत्येक खेपेस तसेंच्या तसें वाजवावें लागे. कारण कोणाचीहि चूक झाली कीं सर्व गाणें पुन्हां पहिल्यापासून ध्वनिमुद्रित करावें लागे. जी गोष्ट एकदांच घडण्यांत जिचें सौंदर्य, तिला दहा वेळां एकसारखें घडविण्याचें हें काम. उपज करणाराची उपज तेथें खिळ्यानें ठोकली जाई. खरें स्वातंत्र्य रात्रीं, हॉटेलच्या मंचावर होतें.

तें स्वातंत्र्यहि आकुंचित होत गेलें. १९४७ नंतर नाचावयास येणारा युरोपियन वर्ग ओसरला. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें मुंबई इलाख्यांतील रात्रीच्या दालनांची रया घालविली. पोटासाठीं वादकांना चित्रपटांवर अधिकाधिक भिस्त ठेवणें भाग पडलें. चित्रपटसृष्टीनें त्यांना नियमित पैसा दिला, हें मान्य केलें पाहिजे. परंतु नांव दिलें नाहीं. तबकडीच्या लेबलावर चित्रपट, गायक, कवि व संगीतकार यांचीं नांवें असत. ज्याच्या फुंकरीनें गाण्यास जीव आला त्याचें नांव बहुधा कोठेंच नसे. श्रेयनामावलींत क्वचित एखाद्या संयोजकास साहाय्यक म्हणून स्थान मिळे. शंकर-जयकिशन यांच्या भव्य वाद्यमेळामागें सेबॅस्टियन डिसूझा यांची लेखणी होती, हें ज्यांनीं तीं गाणीं आयुष्यभर ऐकलीं त्यांतील कितीकांस ठाऊक आहे?

अँथनी गोन्साल्विस यांचें उदाहरण तर विचार करावयास लावणारें आहे. माजोर्डे गांवचे हे व्हायोलिनवादक व संयोजक. हिंदुस्थानी राग पाश्चात्त्य वाद्यवृंदांत बसविण्याचें स्वप्न पाहून त्यांनीं १९५८ सालीं मोठा वाद्यवृंद उभारला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारांत त्याचे जलसे केले. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ सालीं ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपट निघाला, तेव्हां आपल्या गुरूचें नांव शिष्यानें त्यांतील पात्रास व गाण्यास मिळवून दिलें, असें सांगतात. त्यामुळें हें नांव देशांतील मुलाबाळांच्या तोंडीं झालें. परंतु एका विनोदी पात्राचें नांव म्हणून! या नांवाचा एक थोर वादक खरोखरीच होता आणि तो २०१२ सालापर्यंत हयात होता, हें त्या कोट्यवधींपैकीं फारच थोड्यांस माहीत होतें.

चिक चॉकलेट १९६७ सालीं निवर्तले. त्यांच्या उपजेपैकीं ध्वनिमुद्रित होऊन उरली ती अल्पशी. ग्रीन्समध्यें त्यांनीं रात्रीमागून रात्रीं जें वाजविलें तें त्याच रात्रीं हवेंत विरलें. मैफलींतील गायनाचेंहि असेंच होतें. भास्करबुवा १९२२ सालीं गेले, आणि त्यांची गायकी आज शिष्यांच्या गळ्यांतून जी काय उरली तेवढीच ऐकावयाची. फरक इतकाच कीं, गवयाचें नांव घराण्यांतून, शिष्यपरंपरेंतून आणि मैफलीच्या आठवणींतून टिकतें. हॉटेलांतील वादकास घराणें नव्हतें. ऐकणारे नाचून घरीं गेले आणि आठवण सांगावयास मागें थोडेच राहिले.

तथापि बीज फुकट गेलें नाहीं. अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रूबेक १९५८ सालीं मुंबईस आला, तेव्हां तो व सतारिये अब्दुल हलीम जाफर खां एकत्र बसून वाजवूं लागले. दोघांना एकमेकांचें शास्त्र फारसें अवगत नव्हतें. परंतु समोरचा काय म्हणतो तें ऐकून त्याला उत्तर द्यावयाचें, ही दोघांची संवय एकच होती. पुढल्याच वर्षीं, १९५९ सालीं, माइल्स डेव्हिस या कर्णावादकानें वेगानें बदलणाऱ्या संघातांचा भार कमी करून एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ उपज करण्याचा नवा मार्ग दाखविला. तो रागपद्धतीच्या किती निकट आला होता, हें जाणकारांस लगेच दिसेल. त्याच्या त्या ध्वनिमुद्रणांतील सॅक्सोफोन-वादक जॉन कोल्ट्रेन यानें तर रविशंकरांच्या वादनाचें मनन केलें आणि १९६५ सालीं झालेल्या आपल्या पुत्राचें नांव रवि ठेवलें. मुंबईंत १९६८ सालीं शंकर-जयकिशन यांनीं राग व जाझ यांचा मेळ घालणारी तबकडी काढली. तींत रईस खां यांची सतार होती. पुढें निरंजन झवेरी यांच्या पुढाकारानें १९७८ पासून ‘जाझ यात्रा’ भरूं लागली, आणि जगांतले नामांकित वादक मुंबईच्या मोकळ्या मंचावर येऊन वाजवून गेले.

या साऱ्या हकिगतींतून उपजेविषयीं एक गोष्ट निश्चित होते. ती शून्यांतून येत नाहीं. गोमंतकांतील शाळेमधील स्वरवाचन, तबकडीवरून उतरविलेले परदेशच्या उस्तादाचे तुकडे, रोज रात्रीं पांच-सहा तास मंचावर उभें राहण्याची शिस्त आणि शेजारचा वादक काय म्हणतो याकडे लागलेला कान, इतकें सारें आधीं असतें. मग क्षण येतो. कीर्तनकारास आयत्या वेळीं सुचलेला दृष्टांत असो, शाहिराचा हजरजबाब असो, गवयाची तान असो किंवा वाझ यांच्या कर्ण्याची ललकारी असो, त्या क्षणाचा मोबदला अगोदरच चुकता केलेला असतो.

आजहि आकाशवाणीवर जुनीं गाणीं लागतात आणि घरोघर तीं ऐकलीं जातात. पहिलें कडवें संपतें, गायिका श्वास घेते आणि दुसरें कडवें सुरू होण्यापूर्वीं दहा-बारा सेकंदांची मोकळी जागा पडते. पुष्कळ घरांतून तेवढ्या वेळांत बोलणें सुरू होतें. ‘अलबेला’तलें एखादें गाणें लागलें असतां तेवढे दहा-बारा सेकंद गप्प राहून ऐकावें. तेथें जो कर्णा उंच चढून, क्षणभर थरारून, बरोबर समेच्या तोंडाशीं गायिकेस वाट मोकळी करून देतो, त्याचें नांव निवेदक सांगत नाहीं. ऐकणारास तें ठाऊक असलें म्हणजे पुरे.